ओठाशी साडेसात

भिमीच्या हातांवर वॉर्डातल्या पोरींचा वजनकाट्याहून जास्त विश्वास होता. नवं बाळ वर आलं की हर्षाली सिस्टर मुद्दाम हात आडवा धरायची. "थांबा, काट्यावर ठेवू नका. आधी मावशींना विचारू."

मग भिमी बाळाला दोन्ही तळव्यांवर घ्यायची, आठवडेबाजारात बाई दुधी जोखते तसं किंचित वरखाली करायची आणि डोळे बारीक करून सांगायची, "एकवीसशे. वर धा-वीस असंल."

काट्यावर आकडा यायचा दोन हजार एकशे तीस ग्रॅम. मग हर्षाली कपाळाला हात लावायची, चहा तिच्यावर बसायचा आणि भिमी पदराने तोंड झाकून हसायची. चौदा वर्षं हा खेळ चालू होता. त्यात ती हरली असेल तर तीन-चार वेळा, आणि त्या प्रत्येक वेळी काट्याची बॅटरी उतरलेली निघाली, असं तिचं म्हणणं.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर नवजात बाळांची काचेची खोली होती. सहा वॉर्मर, म्हणजे सहा उबदार खाटल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर लालसर ऊब सोडणारा दांडा. भिमी तिथली मावशी. फरशी पुसायची, लंगोट बदलायचे, बाळ उचलून द्यायचं, सिस्टरच्या हातात हवं ते ठेवायचं, आणि दाराशी बसलेल्या आयांना "आता दूध पिळून आण गो" म्हणून उठवायचं, ही तिची कामं. शाळा चौथीपर्यंत. माहेर मुरबाडच्या डोंगराखालची मोहाची वाडी, ठाकर आदिवासींची वस्ती. नवरा गेला तेव्हा धाकटा पाळण्यात होता; आता तोच आसनगावजवळच्या कंपनीत होता आणि आईने काम सोडावं म्हणून महिन्यातून एकदा रुसून बसायचा. "इतकी पोरं कोन उचलील रे?" एवढंच ती म्हणायची.

तिला बघून शिकायची सवय होती. कोणी शिकवलं नव्हतं. बाळ निळसर होण्याआधी त्याच्या नाकपुड्या कशा फुगतात, कण्हणं आणि रडणं यांत फरक काय, पोट फुगलं म्हणजे कोणत्या कुशीवर निजवायचं, हे तिला दिसायचं. पण ती बोलत नसे. तीन वर्षांपूर्वी एकदा बोलली होती. बाहेरून आलेले एक मोठे डॉक्टर बाळाला तपासत होते आणि भिमी मागून म्हणाली, "त्याचा श्वास जरा वेगळा लागतोय साहेब." साहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मावशी, तुम्ही फरशी बघा." एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण भिमीने ते वाक्य उचललं आणि आत कुठेतरी ठेवून दिलं. त्यानंतर वजनाचा खेळ सोडला तर तिने तोंड उघडलं नाही.

मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी आठला तिचा फोन वाजला. जनीचा होता. जनी तिची लहानपणची मैत्रीण, वाडीतच दिलेली, वाडीतच म्हातारी होत चाललेली.

"भिमे, ठमी पहाटं घरीच मोकळी झाली गो. पोरगी झाली."

"अगो, पन तिला अजून महिना होता ना?"

"होता. पोरगी रडली नाय नीट. नुसती कण्हते. पाय बघ नुसते, चिमनीसारखे."

भिमी हातातली बादली तशीच धरून उभी राहिली. ठमी म्हणजे जनीची सून. तिची पहिली दोन लेकरं महिन्याच्या आतच गेली होती. दुसऱ्याच्या वेळी भिमी वाडीत होती. ठमी रडली नव्हती. दूध आलेलं अंग घेऊन ओटीवर नुसती बसून राहिली होती, ते भिमीच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

"जने, आत्ताच्या आत्ता खाली उपकेंद्रावर ने. ती मीना नर्स गाडी बोलावील. हितं आन. मी हाय हितं."

"निघालोच आमी."

"पोरीला अंगाशी धर, ऊब दे. आनि लोखंड घेतलंस ना?"

"बरं बोललीस गो. घाईत इसरत होते. बांधते."

हे लोखंडाचं मोहाच्या वाडीत कोणी कोणाला समजावत नाही. पाचवी पुजेपर्यंत, आणि लेकरू अशक्त असलं तर ते भरेपर्यंत, तान्ह्याला लोखंडावाचून ठेवायचं नाही. घरात असलं तर उशाशी विळा, घराबाहेर न्यायचं तर गुंडाळ्यात एखादा तुकडा. भिमीने स्वतःच्या तिन्ही पोरांना हेच केलं होतं. चौदा वर्षं दवाखान्यात काढूनही फोनवर ते तिच्या तोंडून निघालं, जसं कोणी निघताना आपण "सावकाश जा" म्हणतो तसं.

पाऊण वाजता गाडी आली. ठमीला खालच्या वॉर्डात घेतलं आणि जनी गोधडीचं गाठोडं छातीशी धरून जिना चढली. डॉक्टर नम्रता दारातच उभ्या होत्या. वय अठ्ठावीस-एकोणतीस, कल्याणहून रोज आसनगावपर्यंत गाडीने आणि पुढे जीपने यायच्या, सहा महिने झाले होते त्यांना इथे. हर्षालीने जनीच्या हातातली उपकेंद्राची चिठ्ठी घेतली. भिमीने गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं, आतलं लेकरू उचललं आणि खाली घसरलेली गोधडी पायाने टेबलाखाली सारली.

टेबलापासून वॉर्मरपर्यंत चार पावलं. त्या चार पावलांत भिमीच्या हातांनी सांगितलं, सोळाशे.

"वजन?" डॉक्टरांनी हातमोजे ओढत विचारलं.

"चिठ्ठीवर दोन पॉइंट चार," हर्षाली म्हणाली.

भिमीने एकदा हाताकडे पाहिलं, एकदा चिठ्ठीकडे. चोवीसशे? पण कागदावर लिहिलंय. नर्सबाईने मोजून लिहिलंय. आपलं माणूस असलं की हात कापतात, आज हातच चुकले असतील. ती गप्प राहिली.

"बारीक वाटतंय नाही बाळ?" डॉक्टर म्हणाल्या.

"आठव्या महिन्याचं आहे ना मॅडम."

आणि काट्यावर ठेवायला वेळच उरला नाही. पोरगी दोनदा कण्हली आणि थांबली. छाती हलेना. ओठ जांभळाच्या रंगावर गेले. डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून हवेचा फुगा दाबायला घेतला. थोडा वेळ बरं वाटलं, पुन्हा तेच. मग त्या म्हणाल्या, "नळी घालूया."

ही श्वासाची नळी म्हणजे बॉलपेनच्या कांडीएवढी. तोंडातून श्वासनलिकेत जाते आणि तिच्यातून फुप्फुसांना हवा देतात. नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. किती आत घालायची त्याचा साधा हिशेब: बाळाचं वजन जितके किलो, त्यात सहा मिळवायचे, तेवढा आकडा ओठाशी यायला हवा. कमी गेली तर निसटते. जास्त गेली तर श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात ते ओलांडून एकाच फुप्फुसात, बहुधा उजव्या, जाऊन बसते आणि डावं उपाशी राहतं. इतक्या लहान जिवात बरोबर आणि चूक यांच्यात बोटाच्या नखाएवढीच जागा असते.

"दोन पॉइंट चार, अधिक सहा. साडेआठ धरू," डॉक्टर स्वतःशीच पुटपुटल्या. पहिल्याच खेपेला नळी गेली. हर्षालीने झटक्यात चिकटपट्टी ओढून ओठावर दाबली. भिमीने दोन्ही तळव्यांत डोकं सरळ धरलं, कारण मान वाकली की नळी आत सरकते, हे तिला माहीत होतं.

फुगा दाबला जाऊ लागला. काळजाचे ठोके वाढले. पण प्राणवायूचा आकडा ऐंशीवर येऊन अडला. एकोणऐंशी, ऐंशी, अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप डावीकडे लावला, उजवीकडे लावला.

"आवाज तर दोन्हीकडे येतोय."

इतक्या छोट्या छातीत एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूलाही ऐकू येतो. कान फसतात.

"एक्स-रेवाल्याला बोलवा."

"बोलावलंय मॅडम. मशीन वर आणायला अर्धा तास तरी."

अठ्ठ्याहत्तर. शहात्तर.

भिमीचे हात डोक्याशी अडकलेले होते. डोळे मोकळे होते. ती छातीकडे बघत होती. छाती केवढी, तिच्या तळव्यात मावेल एवढी. फुगा दाबला की उजवी बाजू वर यायची, भाकरी तव्यावर फुगते तशी. डावी नुसती पडून होती. तिने एक दाब पाहिला, दुसरा पाहिला, पाचवा पाहिला. डावी हलत नव्हती.

तुम्ही फरशी बघा.

काचेपलीकडे जनी उभी होती. ती रडत नव्हती, काही मागतही नव्हती. ती फक्त भिमीच्या तोंडाकडे बघत होती, जणू पोरीचं काय होतंय ते तिथे लिहून येणार होतं.

"डॉक्टर," भिमी म्हणाली. कोणी ऐकलं नाही, तशी ती मोठ्याने म्हणाली. "डॉक्टर, डावी बाजू उठत नाय."

"मावशी, आत्ता नको हं," हर्षाली वर न बघता म्हणाली.

"नाय, बघा तुमी. उजवीच उठते. डावी नुसती पडलेय."

डॉक्टर नम्रतांचा हात फुग्यावर होता. त्यांनी कानातून स्टेथोस्कोप काढला, वाकून डोळे बाळाच्या छातीच्या पातळीला आणले आणि एक दाब दिला. मग आणखी एक.

"हर्षाली, नळी कितीवर आहे?"

हर्षालीने पाहिलं. नेमकी खुणेवरच पट्टी चिकटली होती. साडेआठ ठरवली होती, पण बसली कितीवर, हे कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं, कोणी पाहून ठेवलं नव्हतं.

"पट्टी सोडवा. हळू. मावशी, डोकं असंच. आणि तुम्ही डावीकडेच बघत राहा."

पट्टी निघाली. नळी आठ आणि नऊच्या मध्ये होती. डॉक्टरांनी ती चिमटीत धरून मागे घ्यायला सुरुवात केली, तांदळाच्या दाण्याएवढी, आणखी एका दाण्याएवढी. हर्षाली फुगा दाबत होती.

"उठली का मावशी?"

"नाय."

"आता?"

"नाय... थांबा. थांबा, हलली. उठली! दोन्ही उठल्या डॉक्टर, सारख्या उठल्या!"

"साडेसात," डॉक्टर म्हणाल्या.

"साडेसात," भिमी मोठ्याने म्हणाली.

"ओठाशी साडेसात."

"ओठाशी साडेसात!"

ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. त्र्याण्णव. जांभळे ओठ आधी राखी झाले, मग कोवळ्या पानासारखे लालसर. भिमीने काचेकडे पाहिलं आणि मान हलवली. जनी तिथल्या तिथे खाली बसली.

एक्स-रेने सगळं खरं केलं. नळीचं टोक आता नेमकं जागेवर होतं. काट्यावर अंगावर सूत नसताना पोरीचं वजन भरलं एक हजार सहाशे वीस.

आता डॉक्टरांना राग आला. धास्ती ओसरली की मागून येतो तसला राग. त्यांनी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. "मीना सिस्टर, तुम्ही दोन पॉइंट चार लिहिलंय. बाळ सोळाशेचं आहे. आठशे ग्रॅम! त्या आकड्यावर मी नळी घातली. कळतंय का काय झालं असतं?" पलीकडून मीनाचा रडवेला आवाज भिमीपर्यंत येत होता: बाळ गार पडलं होतं, म्हणून उघडलं नाही, गोधडीसकट झोळीत टांगून मोजलं, गोधडीचं अंदाजाने वजा केलं.

भिमी टेबलाखालची गोधडी घडी घालायला वाकली होती. उचलताच तिच्या हातांनी सांगितलं, हे गोधडीचं वजन नाही. तिने पायाकडची घडी चाचपली. चार पदरी फडक्यात, सुतळीने आवळून, नांगराच्या फाळाचा तुटका तुकडा होता. जनीच्या सासऱ्याच्या नांगराचा असणार.

ती खाली बसूनच राहिली. कोणाचं लक्ष नव्हतं. गोधडी घडी करून जनीच्या पिशवीत घातली असती, तर ते लोखंड आलं तसं वाडीला गेलं असतं आणि दोष मीनाच्या नावावर राहिला असता. मीनाला ती ओळखत होती. दर पावसात गुडघाभर चिखलातून लसीचा डबा घेऊन वाडीवर चढणारी पोर.

भिमी उठली आणि तिने तो तुकडा काट्यावर ठेवला. सातशे नव्वद.

"म्याडम, त्या बाईला बोलू नका."

डॉक्टरांनी फोन कानाशी तसाच धरून काट्याकडे पाहिलं.

"हे पोरीच्या गुंडाळ्यात होतं. आमच्यात ठेवतात. जनी इसरत होती, मीच फोनवर तिला आठवन दिली." तिने श्वास घेतला. "आनि दुसरं पन हाय. पोरगी हातात घेतली तवाच मला कळलं होतं, सोळाशे. चिठ्ठीवर चोवीसशे बघितलं आनि मी बोलले नाय."

हर्षालीने वाकून काट्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. डॉक्टर फोनमध्ये म्हणाल्या, "सिस्टर, चूक सापडली. तुमच्या एकटीची नाही. नंतर बोलते. रडू नका." मग फोन ठेवून खुर्चीत बसल्या.

"बारीक आहे, असं मीही म्हणाले होते मावशी. म्हणाले आणि पुढे गेले." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आणि तुम्ही नंतर बोललात ना. पण का नाही बोललात आधी? चौदा वर्षांत तुमचे हात कधी चुकले?"

"तीन-चारदा," हर्षाली म्हणाली. "बॅटरी उतरली होती."

तिघीही हसल्या, पण हसता हसता भिमीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग तिने ते फरशीचं वाक्य सांगून टाकलं. तीन वर्षांनी. डॉक्टर नम्रतांनी पाण्याचा ग्लास भिमीच्या पुढे सरकवला.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुम्ही ते साडेसात साडेसात परत का म्हणत होतात?"

भिमीला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती लाजली. "ते होय? ते माझ्या बापाचं."

तिचा बाप महिपत वाडीत मापारी म्हणून नावाजलेला. भात झोडून झालं की कोणाच्याही खळ्यावर माप घालायला त्याला बोलवायचे. पायली भरताना तो आकडा मोठ्याने म्हणायचा. एक म्हणायचा नाही, पहिल्या मापाला म्हणायचा "लाभ". आणि पुढचं माप भरेपर्यंत तोच आकडा घोकायचा, लाभ, लाभ, लाभ. मग दोन, दोन, दोन. समोर कोणीतरी बसवायचा, बहुतेकदा भिमीलाच, आणि तिने तो आकडा परत म्हणायचा. तिने म्हटल्याशिवाय बाप पुढचं माप ओतायचा नाही. मध्ये कोणी बोललं तर हातातली पायली तशीच थांबायची. "भरनाऱ्याचं ध्यान भातात असतं," तो सांगायचा, "आकडा दुसऱ्याच्या तोंडात पायजे."

"आकडा दुसऱ्याच्या तोंडात," डॉक्टरांनी हळूच परत म्हटलं.

हर्षालीला वेगळीच काळजी. "मॅडम, दारावर पाटी लावूया. लोखंड आणू नये म्हणून."

"लावा," भिमी म्हणाली. "मग आनखी आत लपवून आनतील. तुमच्यात दृष्टीचा काळा दोरा बांधतात, तो कोनी पाटी लावून सोडला का गो?"

हर्षालीच्या मनगटावरच्या दोऱ्याकडे डॉक्टरांनी पाहिलं. हर्षालीने हात मागे घेतला. "मग काय करायचं म्हणता?"

"मागून घ्यायचं. गोडीनं. हितं ठेवते म्हनायचं."

त्या संध्याकाळी भिमी बाहेर जनीपाशी जाऊन बसली. जनीने दिवसभर पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. भिमीने बिस्किटाचा पुडा फोडून तिच्या मांडीवर ठेवला.

"जने, तुझं लोखंड माझ्याकडं हाय."

जनीचा हात पुड्यावर थांबला. "काढलंस तू? भिमे, तू पार दवाखान्यातली झालीस गो! त्या दोघांच्या टायमाला घाईत कोनी ठेवलं नव्हतं. म्हनून तर..."

"ऐक." भिमीने तिचा हात धरला. तिला हे सांगायचं नव्हतं आणि सांगायला तर हवं होतं. "पोरीला त्याच्यासकट मोजलं. त्यानं तिचं वजन वाढलं, म्हनून नळी लांब गेली. म्हनून ती निळी पडली. डॉक्टरनं मागं घेतली तवा बरी झाली."

जनीने तिच्याकडे बघितलं. ते तिच्या आत उतरायला वेळ लागला. "म्हंजे मीच?"

"तू नाय. मी. फोनवर कोन बोललं?" भिमी म्हणाली. "आनि लोखंडाचा दोष नाय. त्याला आपन राखायला सांगतो, वजन वाढवायला नाय. त्यानं राखावं, पन काट्यावर बसू नये. एवढंच."

जनीने पुड्यातलं एक बिस्किट काढलं. मग म्हणाली, "ठेवलंयस कुठं?"

भिमीने तिला काचेपाशी नेलं. बाहेरच्या बाजूला, बरोबर पोरीच्या वॉर्मरसमोर, काचेच्या लाकडी चौकटीत एक खिळा ठोकला होता. त्याला सुतळीने फाळाचा तुकडा टांगला होता, आणि त्यावर हर्षालीने चिकटपट्टीवर निळ्या पेनाने लिहिलं होतं: ठमीची मुलगी.

"तिथून बघतं ना ते?" जनीने विचारलं.

"बघतंय की."

त्यानंतर वॉर्डात काही गोष्टी बदलल्या, आणि बदलताना हसंही बरंच झालं. हर्षालीने घरून मुलीची बाहुली आणली, आणि दुपारी बाळं निवांत असली की डॉक्टर सरावासाठी त्या बाहुलीच्या तोंडात नळी घालायच्या. "ओठाशी साडेसात," डॉक्टर म्हणायच्या. "साडेसात," भिमी म्हणायची, आणि तिने म्हटल्याशिवाय हर्षाली पट्टी लावायची नाही. पट्टीही अशी लावायची की खूण उघडी राहील. मग तोच आकडा वॉर्मरच्या दांड्यावर लिहायचा; पाळी बदलली की येणाऱ्या सिस्टरने तो नळीवर बघून परत म्हणायचा. पहिल्या दिवशी रात्रपाळीची सिस्टर हसून हसून वाकली. "हे काय, पाढे म्हणताय का?" दुसऱ्या आठवड्यात तिच्याच पाळीत बाळाला कुशीवर वळवताना नळी अर्ध्या सेंटिमीटरने सरकली आणि दांड्यावरचा आकडा पाहून ते तिच्या लक्षात आलं. मग ती हसली नाही.

आणि नवं बाळ आलं की आधी काट्यावर, अंगावर काही न ठेवता. तेही जमण्यासारखं नसलं, एका श्वासाचीही सवड नसली, तर डॉक्टर चिठ्ठी बाजूला ठेवून विचारायच्या, "मावशी, हात काय म्हणतात?" हाताचं आणि कागदाचं जुळलं नाही तर थांबून पुन्हा बघायचं. काचेबाहेर खिळेही वाढत गेले. विळ्याचं पातं, किल्ली, घोड्याचा नाल, एकदा तर कोणीतरी आख्खा अडकित्ता दिला.

ठमीची पोरगी चौथ्या दिवशी नळीवरून सुटली. बाविसाव्या दिवसापर्यंत ठमी तिला उघड्या छातीशी धरून बसायला लागली होती, दिवसातले सहा-सहा तास. ती फारसं बोलायची नाही. फक्त भिमी जवळून गेली की पोरीच्या अंगावरचा पदर किंचित बाजूला करायची, म्हणजे भिमीला छाती दिसावी. भिमी बघायची. "दोन्ही उठतात," ती सांगायची. मग ठमी पदर पुन्हा ओढून घ्यायची. पुढच्या आठवड्यात अठराशेवर काटा गेला आणि घरी सोडलं.

माघ लागल्यावर ठमी, जनी आणि पोरगी अशा तिघी तपासणीला आल्या, मुरबाडहून एसटीने सरळगावपर्यंत आणि पुढे जीपने. ठमी थोडी भरली होती. जनीने दारातच गोधडी सोडली, आतला फाळाचा तुकडा स्वतः काढला आणि भिमीच्या हातात दिला.

"धर. हे येगळं ठेव. नायतर परत माझ्यावर याल सगळ्या."

"शिकलीस गो म्हातारपनी!"

"तूच म्हातारी."

हर्षालीने हात आडवा धरला. "थांबा, काट्यावर ठेवू नका. आधी मावशी."

भिमीने पोरीला तळव्यांवर घेतलं. पोरगी तिच्याकडे टक लावून बघत होती आणि जांभई देत होती. भिमीने वरखाली केलं, आणि यावेळी तिला डोळे बारीक करावे लागले नाहीत.

"चोवीसशे," ती म्हणाली.

काट्यावर आलं दोन हजार चारशे दहा. डॉक्टर नम्रता फाइल चाळत होत्या. त्यांच्या हाताला मीनाची ती जुनी चिठ्ठी लागली. त्यांनी ती बोटात धरून काट्यापाशी आणली. दोन पॉइंट चार. डॉक्टरांनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं, "चोवीसशे दहा." भिमी तोंड उघडणार, तोच मागून ठमीचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"चोवीसशे दहा."

चहा त्या दिवशी डॉक्टरांवर बसला. तिघी निघाल्या. जीप सुटायला आली तेव्हा भिमीच्या ध्यानात आलं की लोखंड आपल्याच हातात राहिलंय. ती पदर खोचून जिना उतरली, चपला न घालता रस्त्यापर्यंत धावली.

"जने! ए जने! तुझं लोखंड!"

जनीने जीपच्या मागच्या बाकावरून वाकून पाहिलं. पोरगी ठमीच्या छातीशी निजली होती. जनीने हात पुढे केला आणि मग मागे घेतला.

"राहू दे गो," ती म्हणाली. "टांग वर, तिच्याच खिळ्याला. आमची आता भरली. तिथली पोरं अजून बारीक हायेत."

जीप हलली. भिमी धुळीत तशीच उभी राहिली, फाळाचा तुकडा तळहातावर धरून, आणि सवयीने तिने तो किंचित वरखाली केला.